आबांची होडी आणि माईंचा नकार

सुरतेच्या लिंबायतला आमच्या खोलीच्या दारात तीन-साडेतीन वर्षं एक होडी उभी होती. चेष्टा नाही करत. खरीखुरी, लाकडी, शिडाची होडी. दार उघडलं की समोर तिचं नाक. धुणं घेऊन नळावर जायचं तर पोट आत ओढायचं, बादली डोक्यावर धरायची आणि भिंतीला पाठ घासत सरकायचं. माझी थोरली पोटात होती तेव्हा शेवटचे दोन महिने मी नळाचं नावच टाकलं, पाणी आमचे हे भरायचे. अमळनेरहून माझे मामा पहिल्यांदा आले, तर दारातच पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय गं, इथे पाणी एवढं चढतं?"

होडी आमच्या घरमालकांची. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला माई. वय काही तसं नव्हतं, पन्नाशीच्या अलीकडचंच असेल. पण खानदेशातून सुरतेला आलेल्या सुरुवातीच्या माणसांतले ते, म्हणून लवकर आबा झाले. उधन्याला एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, त्यात कान निम्मे गेले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, असा त्यांचा समज. काही खासगी सांगायचं असलं की मला बाजूला घ्यायचे, तोंडापुढे हात धरायचे आणि अशा आवाजात सांगायचे की पलीकडच्या गल्लीतली इस्त्रीवाली बाई उत्तर द्यायची.

या माणसाला ढिलं काही बघवायचं नाही. मागावर ताण्याचे धागे सगळे सारखे ताठ लागतात. एक सैल पडला तरी कापडात दोष. हे करून करून आबांचं बोटच तसं झालं होतं. दिसेल ते छेडून बघायचे. खाटेची सुतळी, चपलेचा पट्टा, आमच्या रिक्षाची ब्रेकची वायर. छेडायचे, चांगला कान जवळ न्यायचे आणि मान हलवायचे, "ताण नही." मग खिशातून पाना निघायचा. एकदा मी बाजारातून आले तर माझी कपड्यांची दोरी त्यांनी इतकी आवळून ठेवली होती, की ओली चादर टाकल्याबरोबर भिंतीतला खिळा सुटला आणि समोरच्यांच्या घरात जाऊन त्यांच्या वरणाच्या पातेल्यात पडला. मी तणतणत आबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "खिळा कच्चा व्हता."

होडी कुठून आली, ते सांगते. नानपुऱ्यात एक म्हातारे पारशीबाबा राहायचे. मुंबईला लेकाकडे जायचं म्हणून त्यांनी घर आवरायला काढलं होतं. आबा त्यांची पाण्याची मोटर दुरुस्त करायला गेले, तर अंगणात ही होडी उलटी पडलेली. आबा मोटर सोडून तिच्याभोवती फिरायला लागले. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "लई जा, नहीं तो बंबामां जशे." झालं! बंबात जाणारी होडी हातलारीवर चढून लिंबायतला आली. पुढून दोघं ओढत होते, मागून चौघं ढकलत होते, आणि आबा सगळ्यात पुढे, वरातीत चालावं तसे. माई दारात पोळ्या लाटत बसली होती. तिनं वर बघितलं, लाटणं बाजूला ठेवलं, आणि "काय व माय!" एवढंच म्हणाली. तेव्हा तिच्या आवाजात कौतुकच होतं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आबांचं गाव तापीकाठचं, शिरपूरच्या खालच्या अंगाला. सुरतेत इतकी वर्षं राहून ते नदीला सुरतेची मानायचेच नाहीत. "आपला गाववरथीन येस ती," म्हणायचे. म्हणजे ती आपल्याच गावावरून येते. तेव्हा तिच्यावर होडी घालण्याचा पहिला हक्क आपला. वल्ही नाही मारायची, शीडच लावायचं. शीड कसं लावतात ते पारशीबाबांनी अर्ध्या तासात सांगितलं होतं, आबांनी त्यातलं अर्धं ऐकलं होतं.

आणि पहिली सफर माईला घेऊन करायची, हे त्यांचं ठरलेलं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. माईला त्यांनी सुरतेत आणलं त्या दिवसापासून ती बाई घर, नळ आणि भाजीबाजार याच्यापलीकडे फारशी कुठे गेली नव्हती. आबांना ते लागायचं. मला कानात, म्हणजे गल्लीभर, सांगितलं होतं, "तिले एकदाव पाणीवर फिरावनं शे."

प्लेगच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नानपुऱ्याच्या ओवाऱ्यावर, सुरतेत नदीच्या घाटाला ओवारा म्हणतात, आम्ही गेलो. आबा, माई, आमचे हे आणि मी. माईनं नवी जांभळी साडी नेसली होती, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. आबा आणि माई होडीत बसले, आम्ही दोघं काठावर थांबलो. होडी काठापासून जेमतेम वीसेक हात गेली असेल. शिडाचा दोर आबांनी हाताला दोन वेढे देऊन धरलेला, ताठ, तंबोऱ्याच्या तारेसारखा. वाऱ्याचा एक झोत आला. होडी कलली. आबांनी दोर आणखी ओढला. होडी आणखी कलली. पुढच्या क्षणाला शीड पाण्यात आडवं आणि दोघं गडप!

पाणी छातीभर होतं, पण खाली गाळ. जाळं धूत बसलेला एक माछी धावला आणि त्यानं माईचा हात धरून तिला ओढून काढलं. आबा होडीच्या पलीकडून वर आले, दोर अजून मुठीत. आमच्याकडे बघून मूठ उंच केली आणि ओरडले, "दोर सोडा नही देखा!" पुऱ्यांचा डबा तरंगत तरंगत डुमसच्या, म्हणजे समुद्राच्या, दिशेनं निघून गेला.

माई काठावर चढली. साडी गाळानं काळी. सरळ आमच्या रिक्षात जाऊन बसली आणि आमच्या ह्यांना म्हणाली, "घर."

त्या दिवसापासून माईनं होडीचं नाव टाकलं. भांडली नाही, रडली नाही, पण होडीच्या बाजूनं जायचं असलं की मान फिरवून जायची. आणि आबांनी मनावर घेतलं, की माई जोवर या होडीत बसत नाही तोवर होडीचं काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. मी गंमत म्हणून हे सांगतेय, पण त्या माणसाची झोप उडाली होती हो. कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी होडीपाशी उभे राहायचे आणि दाराकडे बघत मोठ्यानं विचारायचे, "आते काय कमी शे?"

आतून माई काहीतरी एक कारण फेकायची. "ते हालस."

हालतं म्हणून आबांनी मागाच्या बीमला लटकवतात ती बिडाची वजनं आणली आणि होडीच्या तळाला फळीखाली बसवली. महिनाभर खपले. "चाल, देख आते." माई म्हणाली, "मना डोकाले काठी लागस." शिडाच्या खालची आडवी काठी वळताना डोक्यावरून जाते, ती. मग काठी वीतभर वर घेतली. मग म्हणाली, ऊन लागतं. आबांनी मागच्या बाजूला छत्रीच्या कापडाचं छप्पर केलं, गुंडाळून ठेवता येईल असं. मग म्हणाली, फळी टोचते. आमच्या रिक्षाची जुनी गादी गेली तिकडे. मला विचाराल तर माई कारणं आदल्या दिवशी तयार करून ठेवत असावी. एकदा मी तिला म्हटलं, "माई, एकदाच बसा ना बिचाऱ्यांच्या समाधानाला." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माले नही बठनं."

मधेच प्लेग आला. अर्धी लिंबायत रातोरात गावाकडे पळाली, आम्हीही पळालो. सगळे पोरंबाळं, गाठोडी घेऊन स्टेशनकडे धावताहेत आणि आबा होडीला साखळी घालून कुलूप लावताहेत! माई बाहेर उभी राहून नुसती बघत होती. परत आलो तेव्हा शहराचं रूपच पालटायला घेतलेलं. कचरा उचलला, गटारं काढली, रस्ते रुंद व्हायला लागले. रस्त्यात आलेले ओटे, पायऱ्या, टपऱ्या सगळं तोडत पालिकेची गाडी गल्लोगल्ली फिरायला लागली. कुणीतरी आबांना सांगितलं की तुमची होडी म्हणजे दबाण, रस्त्यावरचं अतिक्रमण, ती उचलणार.

"दबाण म्हंजे जे जागचं हलत नही ते," आबा म्हणाले. "हलनं तर वाहन."

आणि त्यांनी होडीला चाकं लावली. जुन्या मागाचे लोखंडी अँगल कापून, जोडून सांगाडा केला, त्याला आमच्या रिक्षाची जुनी चाकं, पुढे जोडायला आकडा. होडी त्यावर पालथी घालायची की उताणी यावर गल्लीत दोन तट पडले होते. शेवटी उताणी बसली. ट्रकच्या पाट्या रंगवणारा एक शेजारी होता, त्यानं न विचारता मागे 'हॉर्न प्लीज' लिहून टाकलं. गाडीवाले आले, चाकं बघितली, मागचं लिहिलेलं वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि पुढे गेले.

आता होडी हलणार म्हटल्यावर आबांना दम निघेना. सिंगणपोरला तापीवर कॉजवे झाला होता, त्याच्या वरच्या अंगाला पाणी बाराही महिने तुडुंब साचलेलं, भरती-ओहोटी नाही, गाळाचं भय नाही. तिथेच न्यायची. पण आधी नवीन शीड. जुनं बाबांच्या काळातलं, सुती, ठिगळांचं.

इथे मी आले. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची, माझ्याकडे पायाचं मशीन होतं. आबा कारखान्यातला एक डागी तागा घेऊन आले, पॉलिएस्टरचा, रंगायच्या आधीचा कोरा, आणि माझ्यापुढे आपटला. मी म्हटलं, "आबा, मी आयुष्यात ब्लाउजपेक्षा मोठं काही शिवलं नाही." ते म्हणाले, "हाऊ मोठा ब्लाउज समज." आणि मग जे काही डोकं खाल्लं माझं! ताणा शिडाच्या मागच्या कडेला समांतर आला पाहिजे. काठ काठाला लागला पाहिजे. टीप दुहेरी, तीही वाकडी नको. मशीन खोलीत मावेना म्हणून गल्लीत काढलं, चार बायका कापड धरून, आणि आबा प्रत्येक टाक्याला वाकून. दुपारी माझी सुई मोडली, मग दुसरी मोडली, तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "आता तुम्ही इथे थांबलात तर मी याचे पिशव्या-पायजमे करीन." गेले बिचारे. कोपऱ्यावर जाऊन तिथून बघत राहिले.

त्या शिवणात माई सुद्धा बसली होती, कापडाचं टोक धरून. दोन दिवस बसली, तक्रार न करता. मला वाटलं, विरघळली. शीड पुरं झालं, आबांनी ते गल्लीभर पसरलं, आणि माईला विचारलं, "आते?" माई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "भाजी कराले उशीर व्हयना." गेली आत.

चाचणीला पाण्यात आबा एकटेच उतरणार होते. होडी न्यायची आमच्या रिक्षामागे. ह्यांची मुळीच इच्छा नव्हती. रिक्षा म्हणजे आमची भाकरी, तिला होडी बांधायची! पण आबांपुढे कोण बोलणार. सकाळी वरात निघाली, पुढे रिक्षा, मागे होडी, होडीवर आडवी टाकलेली डोलकाठी. डोलकाठीचंही आबांनी बुडाशी बिजागर केलं होतं, म्हणजे तारांखालून जाताना ती मुडपून झोपवता यावी.

लिंबायतच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या बोगद्यात, आम्ही उतरलो ते झोकात. चढताना गंमत झाली. बिडाची सगळी वजनं होडीच्या मागच्या अंगाला सरकली. गाडा मागून दबला, त्याचा आकडा वर उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर रिक्षाची मागची बाजूही! मागची चाकं हवेत गर्रकन फिरायला लागली. रिक्षा पुढे जाईना, मागे येईना. मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवताहेत, तसं लिहिलेलंच होतं ना. हे ओरडले, "मागे कुणीतरी बसा!" मग मी बसले, माझ्या शेजारी तिथल्याच चहावाल्याची बायको बसली, आणखी एक जाडशी बाई रस्त्यातून बोलावून घेतली. तेव्हा कुठे चाकं जमिनीला टेकली. ती बाई कोण होती आम्हाला आजतागायत माहीत नाही, पण थेट कॉजवेपर्यंत आली.

वर आलो तर हवालदार. त्यानं सगळं बघितलं आणि आबांना विचारलं, "आ शुं छे?"

"होडी छे, साहेब."

"तो पाणी क्यां छे?"

"पाणी आगळ छे, साहेब," आबांनी पुढे बोट दाखवत अदबीनं सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हातानं जा म्हणून खूण केली.

पाण्यात मात्र आबांचं आबांनीच वाटोळं केलं. डोलकाठीला तीन बाजूंनी पोलादी तारा बांधलेल्या असतात ना, ती उभी राहावी म्हणून, त्या तारांना आवळायला त्यांनी टर्नबकल लावले होते. आणि हातात पाना! छेडायचे, ऐकायचे, "ताण नही", एक पिळा. परत छेडायचे, एक पिळा. तार गायला लागली तेव्हा कुठे समाधान झालं. होडी दहा मिनिटं छान चालली. मग खालच्या फळ्यांची सांध उघडली. इतकं आवळल्यावर डोलकाठीनं बुडच दाबून फोडायला घेतलं होतं. आबा डब्यानं पाणी उपसत उपसत काठाला आले. ओलेचिंब. मला म्हणाले, "माईले सांगू नको." हे कॉजवेवरच्या भेळवाल्यालाही ऐकू गेलं, आणि संध्याकाळपर्यंत माईला कळलं. तिनं आबांना गरम पाणी काढून दिलं.

मग पुन्हा दुरुस्ती. राळ, डांबर, नवी फळी. आबांचं तोंड उतरलेलं. एकदा होडीच्या गादीवर एकटेच बसले होते, गल्लीत उभ्या असलेल्या होडीत, आणि मला म्हणाले, या खेपेला खरोखर हळू, "आते काय करू, बेटा? सगळं करी टाकं." मी चहा आणून दिला.

आणि मग उतराण आली, म्हणजे आपली संक्रांत.

सुरतेची उतराण म्हणजे माणूस सकाळी धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, चढला की अंधार पडल्यावर उतरतो. उंधियू, जिलबी, भोंगे, आणि आकाशात जागा नाही एवढे पतंग. माई खानदेशची, पण पतंगाच्या बाबतीत पक्की सुरती झाली होती. बाकी वर्षभर डोक्यावरचा पदर न हलणारी बाई, त्या दिवशी पदर कमरेला खोचून उभी. बोटांना चिकटपट्ट्या. आजूबाजूच्या धाब्यांवरची तरणी पोरं तिला वचकून असायची. तिची कापायची रीत वेगळी. ओढून कापायची नाही, ढील देऊन कापायची. वारा आला की हात मोकळा सोडायची, पतंग वाऱ्याबरोबर लांब लांब जायचा, दोरा सरसर सुटायचा आणि समोरचा त्यावरच चिरला जायचा.

फिरकी नेहमी मी धरायची. त्या वर्षी थोरली कडेवर होती, म्हणून आबांनी धरली. सकाळभर ठीक चाललं. दुपारी समोरच्या उंच धाब्यावरच्या लाल पतंगाशी माईचा पेच लागला. मोठा झोत आला. माई ओरडली, "ढील!" आणि फिरकी फिरली नाही. आबांनी दोन्ही हातांनी गच्च दाबून धरली होती. सवय! दोरा सैल सुटताना दिसला की त्या माणसाचा हात आपोआप आवळला जायचा. तटकन दोरा तुटला, माईचा पतंग गेला.

समोरच्या धाब्यावर थाळ्या वाजल्या. माई मागे वळली. मला वाटलं, पतंगावरून बोलेल.

"सुटस नही तुमना हातमाईन दोर!" ती ओरडली. आबांना ऐकू जावं म्हणून ओरडली की काय कोण जाणे. "तवयबी नही सुटना! मी पाणीमा गयू, माछीनी हात धरा मना. आनि तुमी? दोर धरी बसनात! बायको सुटनी, पन दोर नही सुटना!"

तीन-साडेतीन वर्षं हालतं, टोचतं, ऊन लागतं म्हणणाऱ्या बाईच्या पोटात हे होतं. मी त्या दिवशी काठावरच उभी होते, सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि माझ्या डोक्यातही कधी हे आलं नव्हतं. आबांनी फिरकी खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"माले वाटनं," ते म्हणाले, "दोर सुटना तर होडी जाई."

"गयी असती तर गयी असती!"

आबा धाब्याच्या कठड्यावर बसले. उंधियू आणलेलं तसंच गार झालं. मग माईच गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि फिरकीतला गुंता सोडवायला लागली. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही. ती हळू बोलायची आणि त्यांना ते कसं ऐकू जायचं, देव जाणे. पण उठताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी बठसू. पन दोर मना हातमा."

रविवारी गेलो. या खेपेला वजनं तारेनं जागच्या जागी बांधलेली, आणि मागे बसायला त्या जाड बाईची गरज लागली नाही. कॉजवेच्या वर काठाला होडी उतरवली. आबांनी डोलकाठी उभी केली, तारा लावल्या, बोटानं छेडल्या आणि पाना काढला. मला वाटलं, आवळणार. त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि पाना उलटा फिरवला. तारेचा आवाज बसका झाला. मला म्हणाले, "पुरं ना?" मला त्यातलं काय कळतंय! मी म्हटलं, "पुरं."

माई चढली. साडी जुनीच, चांगली नाही नेसली, त्याबाबतीत हुशार. गादीवर बसली, शिडाचा दोर हातात घेतला, वेढे न देता, दोन बोटांत, पतंगाचा धरावा तसा. आबा मागे सुकाणूवर. आमच्या ह्यांनी ढकललं.

होडी निघाली. काय दिसत होती म्हणून सांगू! मी शिवलेलं शीड, वाऱ्यानं भरलेलं, एकही सुरकुती नाही. कॉजवेवर लोक थांबून बघायला लागले. भेळवाला गाडी सोडून कठड्याशी आला. माई समोर बघत होती, ताठ, आणि आबा समोर बघतच नव्हते, ते माईकडे बघत होते.

मध्यावर गेल्यावर झोत आला. पाण्यावरून काळी रेघ सरकत येताना आम्हाला काठावरून दिसली. होडी कलली. नानपुऱ्याला कलली होती तशीच, तेवढीच. मी ह्यांचा हात धरला.

माईनं दोर सोडला.

शीड फडफडायला लागलं आणि होडी उठून सरळ झाली. एवढंच! कुणी पडलं नाही, काही बुडालं नाही. पण होडी सरळ जायची सोडून गोल गोल फिरायला लागली. कारण सुकाणूवर कुणीच नव्हतं. होडी कलल्याबरोबर आबांनी सुकाणू सोडून दिलं होतं आणि पुढे झेपावून माईचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. डोळे मिटलेले. होडी फिरतेय, शीड फडफडतंय, आणि हा माणूस बायकोला घट्ट धरून बसलेला.

"सुकाणू धरा!" माई म्हणत होती. "लोके देखी राहिनात! सोडा आते!"

ऐकू कुठलं येणार? एक तर कान तसे, त्यात शिडाचा आवाज. कॉजवेवरचे लोक हसायला लागले. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. शेवटी माईनं त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि अशी ओरडली की दोन्ही काठांना ऐकू गेलं.

"मी अठेच शे! सुटनू नही मी! सुकाणू धरा!"

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग एक हात सोडला, मागे नेला आणि चाचपडत सुकाणू धरलं. माईनं दोर गोळा केला, शीड पुन्हा भरलं, आणि होडी वरच्या अंगाला, त्यांच्या गावाच्या दिशेनं, निघाली. दुसरा हात त्यांनी काठाला परत येईपर्यंत सोडला नाही.